हातातलं जीपीएस, चौदा महिन्यांनंतर: अंश-मिनिटांनी घातलेला घोळ

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण सर्व्हिस सेंटरशी माझा वाद अजून मिटलेला नाही. दोन पेन्सिल सेलवर चालणारं, अंगठ्यानं हलवायची खुंटी असलेलं, काडेपेटीपेक्षा जरा मोठ्या पडद्याचं यंत्र म्हटलं की या छंदातल्यांना ओळख पटेल. मी ते गेल्याच्या गेल्या दिवाळीत घेतलं, सेकंडहँड, सात हजारांना. माझं चादरी-टॉवेलचं छोटं दुकान आहे. सात हजार रुपये माझ्यासाठी सहज खर्च करायची रक्कम नाही, म्हणून पैसा न् पैसा वसूल झाला का हे मी बारकाईनं बघितलंय.

आमचा सात-आठ जणांचा गट आहे. रविवारी पहाटे निघायचं आणि सोलापूरच्या आसपासच्या लक्षात ठेवण्यासारख्या जागा नोंदवायच्या: बारव (पायऱ्यांची विहीर), वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड), शिलालेख, जुने पार, दीपमाळा. प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश, दोन फोटो आणि चार ओळी. अमेरिकेनं २ मे २००० ला जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, शंभर मीटरपर्यंत चुकणारं यंत्र दहा-पंधरा मीटरवर आलं आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये कुणीतरी पहिला डबा लपवून, इतरांनी तो यंत्रानं शोधावा म्हणून त्याचे आकडे जाहीर केले. तिथून हा छंद जगभर पसरला. २००५ पासून डबे न ठेवता नुसत्या जागांची सूची करायची पद्धतही रुजली. आम्ही ती दुसरी पद्धत पाळतो. देवळाजवळ बेवारस डबा ठेवला तर पोलीस यायला वेळ लागणार नाही. आणि नान्नजच्या बाजूला गेलो तर माळढोकचं किंवा कुठल्याही पक्ष्याचं घरटं नोंदवायचं नाही, हा गटाचा पहिला नियम.

पहिले पाच-सहा महिने मला वाटत होतं, पैसे पाण्यात गेले. फोनमध्ये जीपीएस आहे, नकाशा आहे, फोटोही तिथेच निघतो. मग हे वेगळं ठोकळ्यासारखं यंत्र कशाला? गटात तसं बोलूनही दाखवलं.

मे महिन्यात मत बदललं. हत्तरसंग कुडलला गेलो होतो, भीमा आणि सीना जिथे मिळतात तिथे. संगमेश्वराच्या मंदिरातला शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख नोंदवायचा होता. ऊन बेचाळीस-त्रेचाळीसचं. अकरा वाजता माझा फोन तापून बंद पडला. नंतर गटातल्या दोघांचेही पडले. हे यंत्र मात्र चालू होतं, आणि उन्हात फोनचा पडदा काळा दिसतो तिथे याचा उलट जास्त स्पष्ट होतो. हे मला माहीतच नव्हतं. दिवा बंद ठेवला तरी भर दुपारी आकडे लख्ख वाचता येतात. त्या दिवशी दगडी मंडपाखाली उभं राहिलो तर आकडा किती चुकत असेल याचा अंदाज यंत्र चोवीस मीटर दाखवत होतं. दोन पावलं बाहेर दारात आलो, पाच मिनिटं थांबलो, अंदाज तीनवर आला. दगडाखालून आकाश दिसत नाही, मग उपग्रह कसे दिसणार? तेव्हापासून आमची पद्धत ठरली. आकडे दाराशी घ्यायचे आणि टिपणात लिहायचं, ‘दारापासून आत बारा पावलं’. ‘वाछि तो विजेया होईवा’ हे शब्द बोटानं हवेत गिरवत आमच्या गटातल्या गुरुजींनी वाचून दाखवले. लेख वाचणाऱ्याचा विजय व्हावा, असं हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दगडात कोरून ठेवलं. त्या दुपारी सात हजारांतले पाच तरी वसूल झाले.

सरासरी काढायची सोयही याच काळात सापडली. एकाच जागी यंत्र ठेवून द्यायचं, ते स्वतःच शेकडो वेळा मोजून मधला आकडा काढतं. दीड-दोन तासांनी परत येऊन पुन्हा मोजलं तर आणखी चांगलं, कारण तोवर उपग्रह सरकलेले असतात. मधल्या वेळात आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडतो. एका बारवेजवळ असेच बसलो होतो तेव्हा शेजारच्या रानातले काका आले. “काय मोजायलाव ओ? रोड यायलाय का आमच्या रानातनं?” सुरत-चेन्नई महामार्गाच्या भूसंपादनानं इकडच्या शेतकऱ्यांची झोप उडवलीय, त्यामुळे हातात यंत्र घेतलेला माणूस दिसला की पोटात गोळा येतो. त्यांना पडदा दाखवला, वहीतले फोटो दाखवले. मग त्यांनीच आतल्या देवळीतली मूर्ती दाखवली, जी आम्हाला गवतात दिसलीच नव्हती. कुठेही गेलात तर आधी बोला, मग यंत्र काढा.

आता बिघाडाकडे येतो.

मेअखेर यंत्राच्या कडेची रबरी पट्टी सुटली. उन्हानं आतला चिकटा पातळ झाला असावा. पाठोपाठ खुंटी आपोआप डावीकडे सरकायला लागली. जूनमध्ये सर्व्हिस सेंटरला कुरिअरनं पाठवलं. सोबत कागदावर ठळक लिहिलं: ‘आत नोंदी आहेत, पुसू नयेत.’ पाच आठवड्यांनी यंत्र परत आलं. खुंटी नवी होती आणि आतल्या ४३ नोंदी गायब. फोन केला तर उत्तर मिळालं, “सर, रिपेअरला मेमरी क्लिअर होते. फॉर्ममध्ये लिहिलेलं असतं.” तो फॉर्म मला कुणी दाखवला नव्हता. माझा कागद मिळाला का, विचारलं. “तशी नोंद नाही सर.” पुसायच्या आधी एक फोन केला असता तर मी स्वतः फाइल काढून घेतली असती, पाच मिनिटांचं काम होतं. दुरुस्तीचे दीड हजार घेतले ते वेगळे, आणि रबरी पट्टी तशीच लोंबत होती. ती शेवटी चप्पल दुरुस्त करणाऱ्या मावशींनी तीस रुपयांत सोल्युशननं चिकटवली. आज सहा महिने झाले, हललेली नाही.

४३ पैकी ४१ नोंदी गटाच्या शीटमध्ये होत्या. खरा तडाखा नंतर बसला, आणि तो मी कुठल्याच परीक्षणात वाचलेला नाही म्हणून इथे लांबण लावतोय.

यंत्र नव्यासारखं होऊन आलं तेव्हा त्याची आकडे दाखवायची पद्धतही मूळची झाली. मी ती नोव्हेंबरमध्येच बदलून दशांश अंशांवर ठेवली होती, कारण शीटमध्ये आम्ही तेच लिहितो. मूळची पद्धत अंश आणि दशांश मिनिटांची. सोलापूर शहरातली एखादी जागा घ्या: १७ अंश ४०.५ मिनिटं उत्तर, ७५ अंश ५४ मिनिटं पूर्व. एका अंशात साठ मिनिटं, म्हणून ४०.५ भागिले ६० म्हणजे ०.६७५. तीच जागा दशांशात १७.६७५, ७५.९००. पडदा छोटा, अंशाचं वर्तुळ मोहरीएवढं. श्रावणातल्या दोन रविवारी आम्ही शहरात ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांपैकी काही नोंदवत होतो. मी पडद्यावरून वाचत होतो आणि आमच्यातली कॉलेजची मुलगी फोनवर टाइप करत होती. “सतरा, चाळीस पॉइंट पाच… पंचाहत्तर, चोपन्न…” तिनं आधीच्या सवयीप्रमाणे १७.४०५, ७५.५४ असं घातलं. चूक तिची नव्हती, पद्धत बदललीय हे माझ्याच ध्यानात आलं नव्हतं.

रात्री शीट नकाशावर टाकली तर सिद्धरामेश्वरांची अकरा लिंगं मंगळवेढ्याच्या आग्नेयेला मालदांडी ज्वारीच्या रानात! सोलापूरपासून जवळजवळ पन्नास किलोमीटर नैर्ऋत्येला. गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाराव्या शतकात महाराजांनी ही अडुसष्ट लिंगं पंचक्रोशीत स्थापली. भोगीच्या दिवशी एवढे उंच नंदीध्वज खांद्यावर घेऊन लोक सगळ्यांची प्रदक्षिणा करतात, एक चुकत नाही. आणि आपल्याला अकरा सांभाळता आली नाहीत.” ते मला लागलं, अजून लागतं.

शहरातली चूक पकडणं सोपं गेलं. दशांशात सोलापूरचे अक्षांश १७.६५ ते १७.७० च्या आसपास येतात. मिनिटं साठच्या वर जातच नाहीत, म्हणून ‘६७’ दिसलं की ते दशांशच, आणि ‘४०’ दिसलं की संशय घ्यायचा. अकराही जागा साठनं भागून परत सोलापुरात आणल्या आणि पुढच्या रविवारी प्रत्येक ठिकाणी जाऊन पडताळल्या. गल्लीबोळांत भिंतींवरून लहरी आपटून येतात, त्यामुळे तिथे आठ-दहा मीटरचा फरक राहतोच. तिथे आकड्यांपेक्षा ‘पिंपळाच्या पाराला लागून, निळ्या दाराच्या डाव्या हाताला’ हे टिपण जास्त कामाचं. बाहेरगावच्या नोंदी मात्र फसव्या असतात. ३१ आणि २७ हे आकडे मिनिटं म्हणूनही खरे वाटतात आणि दशांश म्हणूनही.

कंपनीनं इतकंच करायला हवं होतं: पद्धत बदलली की पडद्यावर एक ओळ दाखवायची, किंवा नोंदीच्या पानावर पद्धतीचं नाव कायम ठेवायचं. आज ते पाहायला मेनूत तीन पानं आत जावं लागतं. नकाशाचे रंग, होकायंत्र, चंद्रोदयाची वेळ सगळं दिलंय, आणि एवढी एक ओळ नाही. तक्रार लेखी पाठवली, उत्तर आलं नाही.

ऑगस्टमध्ये कुणी विचारलं असतं तर पाचपैकी एक तारा दिला असता. आज साडेतीन देईन. सेल चांगले रिचार्जेबल घातले तर दोन रविवार जातात, फक्त सेटिंगमध्ये सेलचा प्रकार तसा निवडा, नाहीतर बॅटरीची पातळी चुकीची दिसते. पावसात दोनदा भिजलं, काही झालं नाही. डिसेंबरात तुळजापूरच्या पश्चिमेला १८ अंश उत्तर आणि ७६ अंश पूर्व या रेषा जिथे छेदतात तिथे गेलो होतो. तुरीच्या शेंगा अंगाला घासत होत्या, मी एकेक पाऊल सरकत होतो आणि पडद्यावर आकडे एकेक करून शून्य होत गेले. शेवटचं शून्य येतं, एका श्वासापुरतं टिकतं, परत एक होतं. कॉलेजच्या पोरीनं यंत्र माझ्या हातातून घेतलं आणि अर्धा तास परत दिलं नाही. फोनवर हे करून बघितलंय, ती मजा येत नाही.

तर घ्यायचं असेल तर सेकंडहँड घ्या, खुंटी चारही बाजूंना हलवून बघा, उन्हात धरून बघा. दर रविवारी रात्री फाइल कॉम्प्युटरवर उतरवा. आणि शीटमध्ये आकड्यांच्या शेजारी एक रकाना पद्धतीचा ठेवा. आमच्या शीटमध्ये आता तो पहिला रकाना आहे.

फक्त यंत्रातच असलेल्या दोन नोंदींपैकी एक बारव परत सापडली. वहीच्या कोपऱ्यात ‘मोटारीची खोली, दोन कडुलिंब’ एवढंच लिहिलं होतं, त्यावरून. दुसरी नोंद एका वीरगळाची, मंगळवेढ्याच्या अलीकडे एका शेताच्या बांधावरची. त्यासाठी तीन रविवार घातले. तीन चौकटी आहेत: खाली ढाल-तलवार घेतलेला वीर, मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वर पिंडीची पूजा. माथ्यावर चंद्र-सूर्य, आणि उजवीकडचा खालचा कोपरा फुटलेला. कुणाला दिसला तर कळवा, आणि आकडे देताना ते अंश-मिनिटांत आहेत की दशांशात, तेवढं आवर्जून लिहा.