घुशींच्या बिळांसाठी ब्रोमॅडिओलोनचा केक: वापरानंतरचे परीक्षण

ऊस आणि भाताच्या बांधांत बिळे करणाऱ्या लहान घुशीच्या बंदोबस्तासाठी कृषी सेवा केंद्रात जी औषधे मिळतात, त्यांपैकी ०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोन हे विष असलेला तयार केक, म्हणजे आमिषाची वडी, मला सर्वांत भरवशाचा वाटला. अट एकच, तो वाहत्या, म्हणजे घुशीचा वावर असलेल्या, बिळाच्या आत गेला पाहिजे. उघड्या बांधावर, गोठ्यात किंवा घराच्या कोपऱ्यात नुसता टाकून ठेवला, तर फायदा थोडा आणि कुत्र्या-मांजरांना धोका फार.

या औषधाचे सारे बळ त्याच्या संथपणात आहे. झिंक फॉस्फाइड या दुसऱ्या विषाचे आमिष खाल्लेल्या घुशीला काही तासांतच त्रास सुरू होतो आणि त्यातून जी वाचते, ती पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. म्हणूनच ते औषध वापरण्यापूर्वी दोन-तीन दिवस बिनविषारी भरड धान्य ठेवून घुशींना सवय लावावी लागते. ब्रोमॅडिओलोन रक्त गोठण्याच्या क्रियेवर घाला घालते. त्याचा परिणाम दिसायला काही दिवस जातात, त्यामुळे खाल्लेल्या वस्तूचा आणि त्रासाचा संबंध घुशीला लागत नाही आणि पूर्वसवयीची खटपट वाचते. माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब म्हणजे ब्रोमॅडिओलोनवर जीवनसत्त्व के-१ हा उतारा आहे, झिंक फॉस्फाइडवर मात्र नेमका उतारा नाही. लहान मुलाने केक तोंडात घातल्याचा नुसता संशय आला, तरी लक्षणांची वाट न पाहता वेष्टनासह दवाखाना गाठावा, कारण रक्तस्राव उशिरा सुरू होतो.

केक मेणचट असल्यामुळे बांधाच्या ओलाव्यात तो धान्याच्या आमिषासारखा लगेच बुरसटत नाही. वापरण्याची रीत सोपी असली तरी ती मनापासून पाळावी लागते. संध्याकाळी सगळ्या बिळांची तोंडे चिखलाने लिंपावीत आणि सकाळी जी उकरलेली दिसतील, तीच वाहती समजावीत. घुशीच्या बिळाच्या तोंडाशी ताज्या, भुसभुशीत मातीचा ढीग असतो आणि पुष्कळदा तोंडही त्याच मातीने बुजवलेले असते. हातमोजे घालून, काठीच्या टोकाने केक चांगला आत सारावा आणि वर पालापाचोळा टाकावा. पुढचे काही दिवस रोज फेरी मारून मेलेल्या घुशी उचलून खोल पुरणे हा याच कामाचा भाग आहे. हे औषध मेलेल्या प्राण्याच्या यकृतात टिकून राहते, म्हणून अशी घूस खाणारे गव्हाणी घुबड किंवा मांजरही विषबाधेला बळी पडू शकते. एका घुबडाच्या जोडीने शेताची जी राखण होते, ती कोणत्याही पाकिटातून विकत मिळत नाही. ज्यांच्या शेतात घुबडांचा वावर आहे, त्यांनी आधी सापळे लावावेत आणि केक शेवटचा उपाय म्हणून ठेवावा.

बिळाचे तोंड गुळगुळीत असेल, ताजी माती दिसत नसेल किंवा जवळ कात पडलेली असेल, तर ते बीळ सोडून द्यावे. तिथे धामण किंवा नाग असण्याची शक्यता असते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या सापांना संरक्षण आहे, साळिंदरालाही आहे, आणि जमीन स्वतःच्या मालकीची आहे म्हणून त्यांना मारण्याची मुभा मिळत नाही. घुशी खाऊन धामण आपलेच काम हलके करते, हेही विसरू नये.

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या बिळात टाकण्याचा सल्ला गावोगावी सर्रास दिला जातो, आणि त्याविषयी मला खरोखर काळजी वाटते. त्या गोळ्यांतून सुटणारा फॉस्फीन वायू माणसाचाही जीव घेतो. त्यांचा वापर शासकीय यंत्रणांनी आणि मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या कीडनियंत्रकांनीच करायचा आहे. शेतकऱ्याला त्या सुट्या विकणारा दुकानदार नियम मोडतो. उंदीर-घुशी पकडण्याच्या चिकट पाट्यांवर अडकलेला प्राणी तासन्‌तास तडफडतो, त्यात पक्षी आणि सरडेही सापडतात, आणि भारतीय पशुकल्याण मंडळाने त्यांच्याविरुद्ध राज्यांना सूचना दिलेल्या आहेत. बांधाला वीजप्रवाह सोडणे तर थेट गुन्हा आहे.

केकबद्दल माझी खरी तक्रार माहितीपत्रकाची आहे. कीटकनाशक नियमांनुसार ते प्रादेशिक भाषेतही द्यावे लागते. मला मिळालेल्या पाकिटात मराठी मजकूर होता, पण इतक्या बारीक अक्षरांत की वयस्कर माणसाला भिंगाशिवाय वाचता येऊ नये, आणि उताऱ्याची ओळ तर तळाशी, घडीत दडलेली होती. खरेदी परवानाधारक दुकानातूनच करावी आणि पक्के बिल घ्यावे.

एकट्याच्या शेतात या केकचा परिणाम फार काळ टिकत नाही, कारण रिकामी झालेली बिळे शेजारच्या बांधावरच्या घुशी लवकरच धरतात. शेतात खाद्य कमी असते त्या उन्हाळ्यात, पेरणीपूर्वी, शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात हे काम केले, तर तेवढ्याच पाकिटांत कितीतरी अधिक काम होते. शेजारी तयार नसतील, तर पहिल्या वेळी थोडेच केक आणावेत आणि उरलेले पैसे सापळ्यांवर खर्च करावेत.