भायखळा ते परळ वैद्यकीय वारसा फेरी : जरूर जा, पण परळला जास्त वेळ मागून घ्या

मी परळच्या केईएम रुग्णालयाच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचा, म्हणजे आमच्या जीएसचा, माजी विद्यार्थी, लालबागला दवाखाना आहे. माणशी पाचशे रुपये भरून रविवारी सकाळी या फेरीला गेलो आणि पैसे वसूल झाले.

सुरुवात जेजे रुग्णालयापासून. १८४५ साली सुरू झालेलं ग्रँट मेडिकल कॉलेज, १८५१ च्या पहिल्या पदवीधरांतले भाऊ दाजी लाड, हे बहुतेकांना माहीत असतं. गाइड ताईंनी त्यापुढचं सांगितलं. इतकी हुशार मुलं बाहेर पडत होती, तरी प्राध्यापकाची खुर्ची आणि जिल्ह्याचं सिव्हिल सर्जनपद (जिल्ह्याचा मुख्य सरकारी डॉक्टर) प्रामुख्याने इंडियन मेडिकल सर्व्हिस या ब्रिटिश सरकारच्या वैद्यकीय सेवेतल्या लष्करी अधिकाऱ्यांकडेच जायचं. १८५५ पासून या सेवेची परीक्षा आपल्या लोकांना खुली झाली, पण ती द्यायची लंडनला जाऊन! बोटीचं भाडं आणि तिथला खर्च किती घरांना झेपणार? इथेच शिकलेल्याने असिस्टंट सर्जन व्हायचं आणि वयाने लहान गोऱ्या साहेबाच्या हाताखाली राबायचं. ऐकताना माझ्या अंगाची लाही होत होती.

म्हणूनच केईएमच्या फाटकाशी पोचल्यावर ऊर भरून आला. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीतून देणगी देताना विश्वस्तांनी अट घातली होती : शिकवणारे भारतीयच हवेत, तेही सरकारी नोकरीत नसलेले. त्या अटीवर १९२६ साली आमचं जीएस कॉलेज उभं राहिलं. पहिले डीन डॉ. जीवराज मेहता, ग्रँटचेच विद्यार्थी, पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. मी ज्या वर्गांत बसलो, तिथे आपल्या माणसाने प्राध्यापक म्हणून उभं राहावं यासाठी कुणीतरी पैशाबरोबर शब्दही घेतला होता. शिकत असताना आम्हाला हे कुणी सांगितलं नाही.

तक्रार एकच. इतक्या महत्त्वाच्या जागी जेमतेम दहा मिनिटं दिली. परळच्याच हाफकिन या लस-संशोधन संस्थेत प्लेगच्या लशीची गोष्ट रंगवून सांगितली, पण १९३२ साली तिथले पहिले भारतीय संचालक झालेल्या साहिब सिंग सोखींचा उल्लेखही नाही. ते स्वतः त्याच लष्करी वैद्यकीय सेवेतले, म्हणजे आत शिरून वर पोचलेले. जीवराजभाईंची वाट वेगळी, यांची वेगळी. दोन्ही शेजारी ठेवून सांगायला हव्यात.

गाइड ताईंचा आवाज खणखणीत, प्रश्नांना उत्तरं मनापासून. पाण्याची बाटली आणि टोपी न्या. संयोजकांनी मेडिकलच्या विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत द्यावी, ही कळकळीची विनंती.