शनिवारचं वर्कशॉप: डॉक्टर आले, नर्स आली

पोरगा तिसरीत. मागच्या महिन्यात घरी येऊन सांगतो की वर्गात एकजण पडला आणि रडला तर सगळे त्याला मुलीसारखा रडतोस काय म्हणाले, मी पण म्हणालो. अगदी सहज सांगितलं, काही चुकलंय असं गावीच नाही. मग बायकोने दादरचं हे वर्कशॉप शोधलं, पहिली ते चौथीच्या पोरांसाठी, मुलगा-मुलगी भेदभाव ओळखायचा आणि त्यावर बोलायचं कसं वगैरे. तीन शनिवार, दीड-दीड तास, फी १८०० रुपये. संस्थेचं नाव टाकत नाही कारण तक्रारी पण आहेत.

पहिला शनिवार बोर. वर्कशीट्स सरळ इंग्रजीवरून मराठी केलेली. एका चित्राखाली चक्क ‘अग्निशमन व्यक्ती’. आमचा विचारतो, म्हणजे बंबवाले का? बाकी पोरं जांभया देत खिडकीबाहेर बघत होती, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या शनिवारी मात्र ताईंनी ते कागद बाजूला ठेवले आणि फळ्यावर नुसतं ‘डॉक्टर आ__, नर्स आ__, पायलट आ__, मोटरमन आ__’ लिहिलं, म्हणाल्या डोक्यात येईल ते पटकन भरा. (पालकांना मागे बसायची परवानगी आहे, हा मोठा प्लस.) सोळा पोरं, त्यातल्या चौदांचं डॉक्टर आले आणि नर्स आली. इंग्रजीत हे होणारच नाही, तिथे क्रियापद कोरंच राहतं, आपल्याकडे वाक्य पूर्ण केलं की मनात बाई होती की पुरुष ते लगेच बाहेर पडतं. आणि मला स्वतःला न सुचलेली गोष्ट एका दुसरीतल्या मुलीने पकडली. माझी आई नर्स आहे, तिला सगळे सिस्टर आल्या म्हणतात, तुम्ही ‘आली’ का लिहिलं? म्हणजे नुसतं बाई-पुरुष नाही, डॉक्टरला अहो-जाहो आणि नर्सला अगं-तुगं. ताई दोन सेकंद गप्पच झाल्या.

मग सुरेखा यादवांचा फोटो दाखवला. साताऱ्याच्या, आशियातल्या पहिल्या महिला ट्रेन ड्रायव्हर, मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून सीएसएमटीला वंदे भारत घेऊन आल्या त्या. त्यावर पोरांची जुंपली, मोटरमन ‘आल्या’ चालेल का, शब्दातच मॅन आहे ना. मोटरताई म्हणा, एकाने सुचवलं. ताईंनी उत्तर दिलं नाही, भांडू दिलं, ते मला फार आवडलं.

तिसऱ्या शनिवारी बालभारतीचं दुसरीचं पुस्तक काढलं, २०१९ ला बदललेलं, ज्यात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडतायत. तुमच्याकडे कोण निवडतं विचारलं तर आमच्या चिरंजीवांनी खणखणीत आवाजात ‘आजी, आणि बाबा मॅच बघतात’ सांगितलं. मागच्या बाकावर मी. नंतर कोणी चिडवलं तर काय म्हणायचं याची नाटुकली, दोन-दोन जण पुढे येऊन. चौथीतली एक मुलगी म्हणाली, रडायला मुलगी नाही लागत, डोळे लागतात. आमच्याने ते पाठ केलंय.

आता तक्रार. व्हॉट्सॲप ग्रुपच्या नावातच ‘मॉमीज’ आणि प्रत्येक मेसेज ‘डिअर मॉम्स, डबा आणि पाण्याची बाटली द्यायला विसरू नका’. तिन्ही शनिवारी पोराला आणणारा मी, डबा भरणारा मी (ठीक आहे, दोनदा मी, एकदा आईने). लिहिलं ग्रुपवर, की बाबा पण आहेत इथे. एक अंगठा आला. नाव अजून तेच. अहो, शिकवताय काय आणि करताय काय! शिवाय हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, पंख्याचा आवाज एवढा की मागे ऐकू येत नाही.

पाचपैकी साडेतीन. वर्कशीट्स फेकून ताईंना मोकळं सोडलं तर साडेचार देईन. पहिलीच्या पोरांना जरा जड जातं, दुसरीपासून पाठवा.

येताना दादरला गाडीत चढलो तर पोरगा डब्यावरची पाटी शोधत होता. बाबा, हा जनरल डबा आहे ना, मग आजी याला जेन्ट्स का म्हणते? मी म्हटलं, घरी गेल्यावर तिलाच विचार. विचारलं त्याने. आजी म्हणाली, आधी हातपाय धू, मग बघू. त्याने धुतले, आणि परत येऊन तोच प्रश्न.