तीन अधिक दोन, की आधी निवांत चार?

‘ॲथलेटिक ट्रेनर’ म्हटलं की पुण्यातल्या आत्याला जिममध्ये वजनं उचलायला लावणारा आठवतो. इथे अमेरिकेत मात्र तो खेळाडूंच्या दुखापती आणि तब्येत सांभाळणारा आरोग्य-कर्मचारी असतो, आणि बहुतेक राज्यांत त्याला परवाना लागतो. 2 जानेवारी 2023 ला सिनसिनाटीत अमेरिकन फुटबॉलपटू डमार हॅमलिनचं हृदय सामन्यातच थांबलं, तेव्हा छातीवर दाब देणारे डेनी केलिंग्टन त्याच्याच टीमचे, बफेलो बिल्सचे, सहाय्यक ॲथलेटिक ट्रेनर होते.

आमच्या लेकीला तेच व्हायचंय. नुसत्या बॅचलर्सची वाट आता बंद. 2022 च्या फॉलनंतर (शरद ऋतूतल्या सत्रानंतर) तिथे नवे प्रवेशच नाहीत, मास्टर्स हवंच. मग एकतर जोडपदवी: तीन वर्षं बायोलॉजी, दोन वर्षं ॲथलेटिक ट्रेनिंग, पाच वर्षांत दोन्ही पदव्या. नाहीतर चार वर्षं बायोलॉजी आणि मग मास्टर्सचा अर्ज.

जोडपदवीत अख्ख्या वर्षाची फी आणि घरभाडं वाचतं. त्या बदल्यात वेळापत्रक गच्च होतं, आवडीचा एखादा विषय घ्यायला जागा उरत नाही. स्वतः कॉलेजच्या टीममध्ये खेळणाऱ्या मुलांची तर पंचाईतच: आपला सराव आणि ज्या टीमबरोबर शिकायचं तिचा सराव, दोन्ही दुपारी चारलाच!

पण बायोलॉजीच कशाला? उष्माघात घ्या. ऑगस्टच्या उन्हात, हेल्मेट-पॅडसकट पळणारा मुलगा बरळायला लागतो. ट्रेनर गुदाशयातलं तापमान घेतो. ते चाळीस अंश सेल्सियसच्या वर असेल तर मुलाला बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवतो. आधी थंड करायचं, मग हॉस्पिटल. टब कुणीही भरेल. पण कपाळाला लावलेला थर्मामीटर अशा वेळी का फसवतो आणि अर्ध्या तासाच्या उशिराने यकृत, मूत्रपिंडांचं काय होतं, हे पेशींपासून शिकलेल्याचा हात अडखळत नाही.

दुसरा फायदा रोकडा आहे. तिसऱ्या वर्षी मन बदललं किंवा मार्क घसरले, तरी चौथ्या वर्षी बायोलॉजी पूर्ण करून बाहेर पडता येतं. शिवाय या कामात पगार बेताचा. 2023 चा मध्यक (मीडियन) आकडा वर्षाला सुमारे 58 हजार डॉलर. त्यामुळे पुढे फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांबरोबर रुग्ण तपासणारा सहाय्यक) किंवा मेडिकलकडे वळावंसं वाटू शकतं. तिथे ऑरगॅनिक केमिस्ट्री बहुधा आडवी येते, आणि जोडपदवीच्या घाईत नेमकी तीच गळू शकते. हा एक मुद्दा मला चार वर्षांकडे ओढतो. भारतात परतायचं असेल तर आणखी एक: या पदवीवर फिजिओथेरपिस्ट होता येत नाही.

माझं मत विचाराल तर, ज्या मुलाने मैदानाकडेला उभं राहून हे काम पाहिलंय त्याने खुशाल जोडपदवी घ्यावी. नुसता खेळ आवडतो म्हणणाऱ्याने चार वर्षं घ्यावीत. आमची लेक ऑक्टोबरात आठवडाभर शाळेच्या ट्रेनरबरोबर असेल: घोट्यांना टेप, बाटल्या भरणं, शुक्रवारी रात्री साडेदहापर्यंत थांबणं. तोवर अर्जातला जोडपदवीचा रकाना कोराच ठेवलाय.