डिस्कससाठी बेअर बॉटम टाकी घ्यावी की प्लांटेड?

डिस्कस, म्हणजे थाळीसारखे चपटे रंगीत मासे, पाळायचे ठरले की आधी टाकी कशी दिसेल याचाच विचार होतो. खरा निर्णय मात्र दोन प्रश्नांवर होतो : मासे किती मोठे आणणार आणि रोज किती पाणी बदलता येणार? अडीच-तीन इंचांची पिल्ले आणणार असाल तर आमचे मत स्पष्ट आहे : बेअर बॉटम, म्हणजे तळाशी वाळू-माती काहीच नसलेली टाकी. पाच इंचांवरचे तयार मासे घेणार असाल आणि पाणी जपून वापरावे लागत असेल, तर प्लांटेड, म्हणजे तळाशी खरी पाणवनस्पती लावलेली टाकी जमते. पिल्ले आणून थेट प्लांटेड टाकीत सोडणे, हा एक मार्ग आम्ही कोणालाच सुचवणार नाही.

दोन्हीकडे सारखे काय

टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच, काच १२ मिमी. काठोकाठ भरली तर ३४० लिटर पाणी मावते, वापरात ३०० धरा. मोठ्या माशाला ४० लिटर, म्हणजे सहा-सात मासे. तीन-चारच ठेवले तर दांडगा मासा दुबळ्याला खाण्याजवळ फिरकू देत नाही. पाणी, काच आणि स्टँड मिळून वजन ४०० किलोंच्या पुढे जाते. टाकी गॅलरीत नको, बीमवरच्या भिंतीलगत ठेवा.

तापमान २८ ते ३० अंश. ३०० वॅटचा एक हीटर घेण्यापेक्षा १५० वॅटचे दोन घ्या. एकाचा थर्मोस्टॅट अडकून तो चालूच राहिला तरी पाणी लगेच उकळीकडे जात नाही, आणि एक बंद पडला तरी दुसरा बरीच ऊब टिकवतो. मासे आणण्याआधी फिल्टर पिकायला, म्हणजे त्यात अमोनिया पचवणारे जीवाणू वाढायला, चार ते सहा आठवडे द्या. २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की फिल्टर तयार समजा.

पाण्याचा हिशेब

फरक सगळ्यात मोठा इथे आहे. वाढत्या पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा खायला लागते. तेवढ्या खाण्याची घाण काढायची तर बेअर बॉटम टाकीत रोज ३० ते ४० टक्के पाणी बदलावे लागते, म्हणजे १०० ते १२० लिटर. आठवड्याचे ७०० ते ८५० लिटर झाले. प्लांटेड टाकीत मोठे मासे दिवसातून दोनदा खातात, झाडेही थोडे नायट्रेट ओढतात; आठवड्याला १०० लिटर बदलून भागते. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत हा आकडा आधी बघा, बाकीचे नंतर.

बदलायचे पाणी २०० लिटरच्या ड्रममध्ये हीटर आणि एअर स्टोन लावून २४ तास ठेवा. घाई असेल तर क्लोरीनसाठी १०० लिटरला १ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट साधारणपणे पुरते. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) असेल तर नुसते हवा देऊन ते जात नाही, आणि थायोसल्फेटने ते तुटले तरी अमोनिया मागे राहतो. त्यासाठी अमोनिया बांधणारे कंडिशनर लागते.

मुंबई-पुण्याचे धरणाचे पाणी मुळात मृदू असते. अडचण बोअरच्या पाण्याची. त्याचा पीएच नळाखाली ७ दिसतो आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की ८ वर जातो, म्हणून मोजणी ड्रममध्ये २४ तास हवा दिल्यावरच करा. टाकीत पैदास झालेले डिस्कस ३००-३५० टीडीएसपर्यंत (पाण्यात विरघळलेले क्षार, पीपीएममध्ये) नीट राहतात. त्याहून जास्त असेल तर आरओ मिसळावे लागते, आणि घरगुती आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर वाया घालवतो. अशा घरात रोजच्या १२० लिटरचा खेळ परवडत नाही. निव्वळ आरओ वापरू नका : केएच (पीएच स्थिर धरणारी कार्बोनेटची मात्रा) शून्यावर गेला की पीएच अचानक कोसळतो. १०० लिटरला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा केएच एका अंशाने वाढवतो. तो २ ते ३ अंशांवर ठेवा.

तळ

बेअर बॉटममध्ये उरलेला घास आणि विष्ठा लगेच दिसते, सायफनने दोन मिनिटांत निघते. काचेवर धरणारा बुळबुळीत थर मात्र आठवड्यातून एकदा स्पंजने पुसावाच लागतो. तो राहिला तर पाणी स्वच्छ दिसूनही मासे पंख मिटून बसतात.

प्लांटेड टाकीत कोळंबीचे मिश्रण किंवा ब्लडवर्म मातीत शिरतात आणि तिथेच कुजतात. जाड सॉइल, म्हणजे झाडांसाठीची खतयुक्त दाणेदार माती, टाकायची हौस असेल तर लक्षात ठेवा, अशी नवीन ॲक्वासॉइल पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडते. आम्ही बारीक वाळूचा एक ते दीड सेंटिमीटरचाच थर सुचवतो. डिस्कस वाळूवर फुंकर मारून खाणे शोधतात, ते बघायलाही सुंदर असते.

झाडे २९ अंशांना टिकणारी हवीत : ॲन्युबियास, ॲमेझॉन स्वोर्ड, क्रिप्टोकोरिन वेंड्टी, व्हॅलिस्नेरिया. गालिच्यासारखी पसरणारी नाजूक झाडे बहुतेक वितळतात. सिलिंडरचा कार्बन डायऑक्साइड टाळा. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात रात्री झाडेही ऑक्सिजन घेतात. पहाटे मासे पृष्ठभागाशी धापा टाकताना दिसतात ते यामुळे. प्रकाश सात तास, तोही मंद.

रंगाचाही विचार करा. पिजन ब्लड (डिस्कसचा एक रंगप्रकार) वंशाच्या माशांवर काळ्या पार्श्वभूमीत मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके येतात. हे मासे आवडत असतील तर काळी सॉइल आणि काळा पडदा नको. बेअर बॉटममध्ये मागे आणि तळाखाली फिकट निळा कागद लावला की काम होते.

आजार आला तर

मासा काळवंडून कोपऱ्यात उभा, खाणे बंद, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा : आतड्यातल्या परजीवींचा संशय घ्या. बेअर बॉटममध्ये ही विष्ठा पहिल्याच दिवशी दिसते, वाळूत ती आठवडाभर नजरेतून सुटते. उपाय मेट्रोनिडाझोल, ६० लिटरला ४०० मिलिग्रॅम, रोज एकदा, तीन दिवस. प्रत्येक मात्रेआधी निम्मे पाणी बदला. सोबत तापमान ३२ पर्यंत न्यावे लागले तर झाडे मरगळतात. म्हणून प्लांटेड टाकी ठेवणाऱ्याला ६० लिटरची वेगळी मोकळी टाकी, तिचा हीटर आणि पिकलेला स्पंज फिल्टर घ्यावाच लागतो. हा खर्च दुकानात कोणी सांगत नाही. नवे मासे त्याच टाकीत चार ते सहा आठवडे वेगळे ठेवा, मग ते कुर्ल्याच्या बाजारातून आणलेले असोत की चेन्नईच्या कोलत्तूरहून मागवलेले.

पैदास करायची असेल तर बेअर बॉटमच. पिल्ले पहिले दिवस आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन जगतात. मोठ्या गर्द टाकीत ती चुकतात आणि इतर मासे त्यांना गिळतात.

मधला मार्ग

बहुतेक घरांना आम्ही हा सुचवू. तळ मोकळा ठेवा, एक चांगले ड्रिफ्टवुड ठेवून त्याला ॲन्युबियास दोऱ्याने बांधा आणि ॲमेझॉन स्वोर्ड मातीच्या कुंडीत लावून मागच्या कोपऱ्यात ठेवा. कुंडी उचलता येते, तिच्याखाली सायफन जातो, माशांना आडोसाही मिळतो. देशी बदामाची गळून वाळलेली दोन-तीन पाने टाकलीत तर पाणी किंचित तांबूस होते आणि मासे सैल पोहतात. रस्त्याकडेच्या किंवा फवारणी झालेल्या झाडाची पाने घेऊ नका. मासे पाच इंचांचे झाले आणि खाणे दोनदावर आले, की वाळूचा पातळ थर हप्त्याहप्त्याने टाकता येतो.

लोडशेडिंग असलेल्या भागात बॅटरीवर आपोआप चालू होणारा एअर पंप दोन्ही टाक्यांना लागतो, प्लांटेडला तर पहिल्या रात्रीपासून. हीटरच्या लाइनवर आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, आणि पाणी काढायला सुरुवात करण्याआधी पंधरा मिनिटे हीटर बंद करा; उघडा पडलेला गरम हीटर थंड पाणी लागताच तडकतो.