मोगलीचे दोन सिनेमे: कुठला लावायचा?

घरात सात-आठ वर्षांचं पोर असेल, तर फार विचार करू नका. जॉन फॅव्हरोचा २०१६ चा ‘द जंगल बुक’ लावा. अँडी सर्किसचा २०१८ चा ‘मोगली: लेजेंड ऑफ द जंगल’ त्याच मोगलीचा आहे, पण लहानांचा नाही. लांबी दोन्हींची पावणेदोन तासांच्या आसपासच.

किपलिंगची गोष्ट घडते सिवनीच्या रानात, म्हणजे नागपूरहून पेंचच्या पल्याड. फॅव्हरोने ते रान लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत, संगणकावर उभं केलं. त्यात नील सेठी हा पोरगा तेवढा खरा. व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं ते काही उगाच नाही. पण मला त्यातला सगळ्यात जमलेला प्रसंग तंत्राचा वाटतच नाही. शेरखान लांडग्यांच्या पिल्लांना जवळ घेऊन कोकिळेची गोष्ट सांगतो: ती दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालते, आणि परक्या पिल्लापायी घरच्या पिल्लांची उपासमार होते. डरकाळी नाही, आवाजही चढत नाही. तिकडे त्या पिल्लांच्या आईचा, रक्षा लांडगिणीचा, जीव मात्र टांगणीला. हिंदीत हा शेरखान नाना पाटेकरांचा, आणि दूरदर्शनवरच्या मालिकेतलाही त्यांचाच होता. त्यामुळे नव्वदीत वाढलेल्यांनी इथे इंग्रजीचा हट्ट धरू नये. शिवाय बल्लूला इरफान खानचा आवाज आहे! वानरांचा राजा किंग लुई, त्याचा भाग मात्र लांबलाय. डिस्नेच्या जुन्या कार्टूनपटात तो ओरांगउटान होता; ओरांगउटान भारतात नसतो, म्हणून इथे त्याचा नामशेष झालेला महाकाय वानर केला; ती युक्ती छान, पण तेवढ्यात गोष्ट जागीच थांबते.

सर्किसचा मोगली पुस्तकाच्या जास्त जवळ जातो. इथला बल्लू लाडोबा नाही, कडक मास्तर आहे. मोगली गावात पकडला जातो, पिंजऱ्यात पडतो, मग गावातल्या मेसुआ नावाच्या बाईच्या मायेत रमतो, होळीही खेळतो. आपण नक्की कुणाचे, हा प्रश्न पहिल्या सिनेमाने हसत-खेळत बाजूला सारला होता. हा सिनेमा तो शेवटपर्यंत सोडत नाही. भूत नावाचं पांढरं लांडग्याचं पिल्लू मोगलीचा जिवलग. पुढे शिकाऱ्याच्या खोलीत पेंढा भरलेल्या जनावरांमध्ये मोगलीला तेच दिसतं. त्या दृश्याला पोरं रडतील, आणि मोठ्यांनाही आवंढा गिळावा लागेल.

याची खोट चेहऱ्यांत आहे. नटांचे हावभाव टिपून ते प्राण्यांवर चढवलेत, त्यामुळे वाघाच्या तोंडावर अधूनमधून माणूसच डोकावतो. पहिली पंधरा-वीस मिनिटं हे खटकतं, नंतर डोळे सरावतात.

याच्याही हिंदी डबिंगला अनिल कपूर, माधुरी, करीना, जॅकी श्रॉफ अशी बडी मंडळी आहेत. तरी हा इंग्रजीतच बघा. ख्रिश्चन बेलचा बघीरा पिंजऱ्यातल्या मोगलीशी बोलतो ते त्याच्याच आवाजात ऐकायला हवं.