जाहिरात, सवलत की आधी घरची डागडुजी? डिलिव्हरी ॲपवर वर येण्याच्या मार्गांची तुलना

डिलिव्हरी ॲपवरच्या ऑर्डर रोडावल्या की दोन सल्ले हमखास कानावर येतात. ॲपचा प्रतिनिधी फोन करून म्हणतो, जाहिरात लावा. ओळखीचा दुसरा हॉटेलवाला म्हणतो, आम्ही वीस टक्के सूट ठेवलीये, तुम्हीही ठेवून बघा. तिसरा मार्ग मात्र सहसा कुणी सुचवत नाही, कारण त्यात सुचवणाऱ्याला काही मिळत नाही. तो मार्ग म्हणजे घरची डागडुजी: मेन्यू, फोटो आणि किचनची वेळ ताळ्यावर आणणं.

तिन्ही मार्ग खरे आहेत, पण तिघांची औषधं वेगवेगळ्या दुखण्यावरची आहेत. म्हणून आधी डॅशबोर्ड उघडा आणि तीन आकडे शेजारी शेजारी लिहा: यादीत किती जणांना तुमचं नाव दिसलं, त्यातल्या किती जणांनी मेन्यू उघडला आणि उघडणाऱ्यांपैकी किती जणांनी ऑर्डर दिली. नाव दिसतच नसेल तर जाहिरातीचा विचार करायला हरकत नाही. नाव दिसतं पण मेन्यू कुणी उघडत नाही, तर फोटो, रेटिंग किंवा नावाखाली दिसणारी डिलिव्हरीची वेळ आड येत असते. मेन्यू उघडून लोक परत जात असतील तर घोळ मेन्यूत किंवा किमतीत आहे. बरेच मालक शेवटच्या दोन गळत्या पहिल्या जागी पैसे ओतून बुजवू पाहतात. बादलीला भोक आहे आणि आपण नळ मोठा सोडतोय, असा तो प्रकार.

आता सवलत आणि जाहिरात यांचा हिशेब. समजा सरासरी ऑर्डर १०० ची आहे. कच्चा माल ३५, पॅकिंग ५ आणि ॲपचं कमिशन २५ गेलं की हातात उरतात ३५. भाडं, पगार, गॅस, वीज हे सगळं त्यातूनच भागवायचं. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. २० टक्के सूट दिली की गिऱ्हाईक ८० देतं. कमिशन सूट वजा करून लागत असेल तर ते २० होतं, माल आणि पॅकिंगचे ४० तसेच राहतात आणि उरतात २०. म्हणजे पूर्वी ४० ऑर्डरमध्ये जे सुटत होतं, तेवढंच सुटायला आता ७० ऑर्डर काढाव्या लागतात. कमिशन मूळ १०० वर लागत असेल तर हातात १५ च राहतात आणि तोच आकडा ९३-९४ ऑर्डरवर जातो. सूट ठेवण्याआधी करारातलं हे एक कलम वाचलं तरी पुष्कळ मनस्ताप वाचतो.

जाहिरातीत बहुधा क्लिकमागे पैसे जातात. एका क्लिकला ३ धरू. दहा क्लिकमागे एक ऑर्डर येत असेल तर ती ऑर्डर ३० ला पडली आणि ३५ मधले ५ उरले. तीच जाहिरात, तोच दर, पण मेन्यू सुधारल्यावर पाच क्लिकमागे एक ऑर्डर यायला लागली तर खर्च १५ वर येतो आणि २० उरतात. डागडुजी आधी आणि जाहिरात नंतर हा क्रम मी सांगतो तो याच आकड्यामुळे.

कागदावर दोन्हीकडे २० च उरताना दिसतात, पण एक मोठा फरक आहे. जाहिरातीचा खर्च जाहिरातीतून आलेल्या माणसावरच होतो. सरसकट सूट मात्र दर आठवड्याला पूर्ण पैसे देऊन मागवणाऱ्या नेहमीच्या गिऱ्हाइकालाही मिळते. त्याला एकदा सवलतीची सवय लागली की सूट बंद केल्यावर तुमची किंमत वाढल्यासारखी वाटते. सूट द्यायचीच असेल तर फक्त नव्या गिऱ्हाइकाला किंवा किचन रिकामं असतं त्या वेळेत, असं माझं मत. जाहिरातीतही एक छुपी गळती आहेच: तुमचं नाव टाइप करून शोधणारा माणूस सर्वात वर दिसणाऱ्या जाहिरातीवरच बोट ठेवतो आणि जो आपणहून येणारच होता त्याच्या क्लिकचे पैसे तुम्ही भरता. जाहिरात फक्त नव्या गिऱ्हाइकांना दाखवायची सोय असेल तर ती निवडा.

डागडुजीला पैसे कमी लागतात, वेळ आणि चिकाटी मात्र जास्त. तिथे सर्वात आधी वेळ बघावी. ऑर्डर तयार व्हायला २५ मिनिटं लागत असताना ॲपवर १५ टाकली, तर डिलिव्हरीवाला दहा मिनिटं दारात ताटकळतो, जेवण उशिरा पोचतं आणि रेटिंगला फटका बसतो. ॲपही अशा नोंदींवरून पुढच्या गिऱ्हाइकाला जास्त वेळ दाखवू लागतं. मेन्यू उघडण्याआधीच तो आकडा बघून माणूस पुढे सरकतो. पदार्थ तयार नसताना ‘ऑर्डर तयार’ हे बटण दाबायची सवय याच दुखण्यात भर घालते. गर्दीत ॲपच्या ऑर्डर घेणारा टॅब्लेट बंद करून टाकण्यापेक्षा तेवढ्या तासापुरती तयारीची वेळ वाढवावी. संपलेला पदार्थ लगेच मेन्यूतून बंद करावा, कारण स्वीकारून मग नाकारलेली ऑर्डर गिऱ्हाइकाला आणि ॲपला, दोघांनाही चांगली लक्षात राहते.

मेन्यूत पदार्थाचं नाव लोक शोधताना जसं टाइप करतात तसं असावं. ‘शेफ स्पेशल नंबर तीन’ कुणी शोधत नाही. पदार्थात काय आहे, तिखट आहे का, किती जणांना पुरेल, हे एका ओळीत यावं. मेन्यूत १२० पदार्थ असतील आणि त्यातले निम्मे महिन्याला एकदाही विकले जात नसतील तर ते काढावेत. तेवढीच चालणारे पदार्थ सापडायची सोय होते. फोटो खिडकीजवळच्या उजेडात, जवळून आणि स्वतःच्या पदार्थाचाच काढावा. उसन्या चकचकीत फोटोने ऑर्डर येते, पण डबा उघडल्यावर ‘फोटोत वेगळंच होतं’ असा रिव्ह्यूही येतो.

रेटिंगचं गणित नव्या दुकानाला फार निष्ठुर असतं. २० जणांची सरासरी ४.५ असताना एकाने १ तारा दिला की सरासरी ४.३ वर घसरते. २००० जणांची सरासरी ४.५ असेल तर तोच एक तारा कळतही नाही. म्हणून उघडल्या उघडल्या मोठी सूट लावून किचनला न झेपणारी गर्दी ओढू नये. ताऱ्यांना किती किंमत असते याचा एक जुना दाखला आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांनी २०११ मध्ये येल्प या अमेरिकन रिव्ह्यू साइटवरच्या रेटिंगचा अभ्यास केला, तेव्हा एका ताऱ्याच्या वाढीबरोबर उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढल्याचं दिसलं. हा परिणाम स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये होता, साखळी ब्रँडमध्ये नव्हता. तो अभ्यास डिलिव्हरीचा नाही हे खरं, पण अनोळखी नाव असेल तर माणूस ताऱ्यांकडे जास्त बघतो, हे इथेही पटतं.

आणखी दोन मार्ग आहेत, ते थोडक्यात. डिलिव्हरीचा परिघ वाढवला की नाव जास्त लोकांना दिसतं, पण वाटेतच मऊ पडणारे किंवा सांडणारे पदार्थ विकत असाल तर नको. दुसरा मार्ग म्हणजे त्याच किचनमधून वेगळ्या नावाने आणखी दुकानं उघडायची. हा कधी काळी जोरात होता. मार्च २०२३ मध्ये उबर ईट्स या डिलिव्हरी ॲपने अशी जवळपास ५,००० ऑनलाइन दुकानं ॲपवरून हटवायला घेतली आणि नव्या नावाचा मेन्यू मूळ मेन्यूपेक्षा किमान ६० टक्के वेगळा हवा, अशी अट घातली. पदार्थ खरोखर वेगळे असतील तरच या वाटेला जा.

मग निवड कशी करायची? नवं दुकान असेल तर पहिला महिना डागडुजी आणि वेळ, त्यानंतर नव्या गिऱ्हाइकांपुरती लहान सूट. रेटिंग चांगलं, किचनला उसंत आणि तरी नाव दिसत नाही, तर जाहिरात, तीही तुम्हाला ऑर्डर हव्यात त्याच तासांत. उघडून परत जाणारे जास्त असतील तर जाहिरात आणि सूट दोन्ही थांबवा. ॲप क्रमवारी कशी लावतं हे पूर्ण कुणी सांगत नाही, पण युरोपीय संघात २०२० पासून क्रमवारीचे मुख्य निकष उघड करणं ॲपना बंधनकारक आहे. तुमचं ॲप तिथेही चालत असेल तर त्याचं ते पान शोधून वाचा.

जाहिरात लावलीच तर प्रतिनिधीच्या अहवालावर विसंबू नका. जाहिरातीतून आलेल्या ऑर्डर त्यात मोजलेल्या असतात, पण त्यातल्या किती एरवीही आल्याच असत्या ते नसतं. एक आठवडा जाहिरात चालू ठेवा, पुढचा आठवडा बंद. सणवार किंवा सुट्टी मध्ये येणार नाही असे आठवडे निवडा आणि त्या काळात किंमत, फोटो, मेन्यू कशालाही हात लावू नका. मग दोन्ही आठवड्यांच्या एकूण ऑर्डर आणि जाहिरातीचं बिल वजा जाऊन हातात उरलेली रक्कम वहीत शेजारी शेजारी लिहा.